अडकलेली कळ : पटकी आणि जी-प्रथिनाचा शोध

पेशीच्या पातळ आवरणाला आतल्या अंगाने चिकटून राहणाऱ्या आणि बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रथिनांच्या एका घराण्याला जी-प्रथिने म्हणतात. ॲड्रेनालिन हे संप्रेरक रक्तातून यकृताच्या पेशीपाशी येते, पण आत शिरत नाही. पेशीपटलात रोवलेल्या ग्राही प्रथिनाला ते बाहेरच्या बाजूने चिकटते आणि तिथूनच सुटून जाते. तरीही पेशीत साठवलेल्या ग्लायकोजेनची साखर होऊ लागते. दाराबाहेरच्या पाहुण्याचा निरोप घरात नेणारा मधला माणूस म्हणजे जी-प्रथिन. माणसाच्या जनुकसंचात अशा ग्राहींची सुमारे ८०० जनुके आहेत. त्यांचे निरोप घेणाऱ्या जी-प्रथिनांच्या मुख्य घटकाची जनुके मात्र १६ च.

या प्रथिनाचे तीन घटक असतात : अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फाच्या एका टोकाला पामिटिक आम्लाची साखळी जोडलेली असते, तर गॅमाच्या टोकाला तशाच तेलकट स्वभावाची दुसरी. पेशीपटल स्निग्ध पदार्थाचेच बनलेले असल्याने या शेपट्या त्यात रुतून बसतात. त्यामुळे प्रथिन पेशीतल्या द्रवात वाहून जात नाही. खुंटीला बांधलेल्या होडीसारखे ते पटलालगतच हलत राहते. स्वस्थ असताना अल्फाच्या खोबणीत जीडीपी नावाचा रेणू बसलेला असतो. ग्राहीला संप्रेरक चिकटले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, त्या धक्क्याने जीडीपी निसटतो आणि पेशीत मुबलक असलेला जीटीपी त्याच्या जागी बसतो. आता कळ दाबली गेली. अल्फा बाकीच्या दोघांपासून सुटते आणि शेजारच्या ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला कामाला लावते. ते विकर एटीपीपासून चक्रीय एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर बनवू लागते आणि पुढचे काम हा रेणू पाहतो.

कळ बंद करण्याची सोयही अल्फातच आहे. जीटीपीचा एक फॉस्फेट तोडून ती त्याचा पुन्हा जीडीपी करते आणि काही सेकंदांत मूळ जागी परतते. विकराला चालना देणाऱ्या या प्रकाराला जीएस म्हणतात. पुढची सारी हकीकत मुख्यतः त्याचीच आहे, आणि ती निम्मी प्रयोगशाळेतली असली तरी निम्मी पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, साथींमधली आहे.

पटकीच्या लक्षणांचे जुने आणि तपशीलवार वर्णन गोव्यातून आलेले आहे. १५४३ मध्ये तिथे पसरलेल्या एका साथीची हकीकत पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरेया याने लिहून ठेवली. मृत्यू इतके होत होते, की लोकांचा धीर खचू नये म्हणून मुख्य चर्चमधली मृत्यूची घंटा वाजवणे गव्हर्नरने बंद करवले. रुग्णालयात दगावलेल्या एकाचे शव त्याने वैद्यांकडून उघडवूनही पाहिले. जठर आकसून होरपळलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले होते, याखेरीज काही सापडले नाही. पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे औषधी द्रव्यांवरील पुस्तक गोव्यातच छापले गेले. त्यात या रोगावर स्वतंत्र मजकूर आहे. इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले, अशी नोंद त्याने केली. हा शब्द म्हणजे कोकणी-मराठीतली मोडशी. फ्रेंचांच्या तोंडी त्याचे ‘मॉर-द-शियाँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, झाले. एका साध्या देशी शब्दाची इतकी भीषण व्युत्पत्ती क्वचितच कोणी लावली असेल. सोळाव्या शतकातली मोडशी म्हणजे आजच्या अर्थाने कॉलराच होता का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत; लक्षणे मात्र जुळतात.

१८१७ मध्ये बंगालमधील जेस्सोर भागातून उठलेली साथ मात्र निःसंशय पटकीची होती. १८१८ मध्ये ती मुंबईत पोचली आणि पुढे समुद्रमार्गे भारताबाहेर गेली. रोगाची चाल सगळीकडे एकच. तांदळाच्या धुवणासारखे पाणी पोटातून जाऊ लागते, वांत्या होतात, डोळे खोल जातात, बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी सुरकुतते, आवाज घोगरा होतो, पिंढऱ्यांत गोळे येतात. तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. सकाळी हिंडताफिरता असलेला माणूस दिवस मावळेपर्यंत गेलेला असे. गावोगाव वेशीवर मरीआईची ठाणी होती. साथ आली की तिचा गाडा पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा, असा रिवाज होता.

रोगाचा जंतू फिलिप्पो पाचिनी याने १८५४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात रुग्णांच्या आतड्यांत आणि तिथल्या एका तलावाच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा तोच जंतू दाखवून दिला. हा जंतू एखादे विष सोडत असावा, असा कॉखचा तर्क होता आणि तो बरोबर होता. मात्र ते विष हाती लागायला पंचाहत्तर वर्षे गेली. शोध चुकीच्या जागी चालला होता. संशोधक मेलेल्या जंतूंचा अर्क प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत टोचत. प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे. पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही. तो आतड्याच्या आतच राहतो आणि तिथेच विष सोडतो, ही गोष्ट नजरेआड राहिली होती.

ती चूक दुरुस्त केली कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी. त्यांचा प्रयोग आज वाचला तर वाटते, हा कोणालाही सुचला असता. सशाचे पोट उघडायचे, लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्याचा बंद कप्पा करायचा, त्यात तपासायचा द्रव टोचायचा आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी कप्पा उघडून पाहायचा. त्यात पटकीचे जंतू सोडले असतील तर कप्पा पाण्याने टम्म फुगलेला मिळे. शेजारचा निव्वळ मीठपाणी भरलेला कप्पा चपटा राही. ही पद्धत त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. १९५९ मध्ये त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. जंतू वाढवलेला द्रव बारीक गाळणीतून असा गाळला, की त्यात एकही जंतू उरू नये. मग तो कप्प्यात टोचला. कप्पा तरीही फुगला. विष जंतूपासून वेगळे आहे आणि ते आतड्यावरच काम करते, हे त्या एका प्रयोगाने ठरले. निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात आला.

त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी हे दुसऱ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचले. दत्त यांनी १९५५ मध्ये एम. के. हब्बू यांच्यासह सशाच्या तान्ह्या पिल्लांत माणसासारखीच पटकी घडवून आणण्याची पद्धत बसवली होती. जिवंत जंतूंऐवजी जंतूंपासून काढलेला अर्क दिला तरी पिल्लांना तसेच जुलाब होतात, हे आता दिसले. ही संस्था जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या इमारतीत १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली होती आणि पटकीची लस करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांचे नाव तिला १९२५ मध्ये मिळाले. तेव्हा पटकीचे विष तिथे ओळखले जावे, हा निव्वळ योगायोग नव्हता. डे यांचे नाव मात्र देशात फारसे झाले नाही. स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाने त्यांना बोलावले ते १९७८ मध्ये, आणि अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांची एकाहून अधिक वेळा शिफारस केली. पारितोषिक मिळाले नाही. भारतात केलेल्या आणि भारतानेच उशिरा ओळखलेल्या कामांच्या यादीत हे नाव बरेच वर आहे.

विष होते, पण ते पेशीला नक्की काय करते, हे कळायला दुसऱ्या वाटेवरचे काम लागणार होते. ती वाट अमेरिकेत, क्लीव्हलँडला सुरू झाली. अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यकृत कुटून त्याच्या पाण्यावर ॲड्रेनालिनचा परिणाम पाहत होते. १९५६-५७ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले, की द्रव फिरवून खाली बसलेला गाळ काढून टाकला तर ॲड्रेनालिन काहीच करत नाही, आणि गाळ परत मिसळला की परिणाम परत येतो. तो गाळ म्हणजे फुटलेल्या पेशीपटलांचे तुकडे. गाळावर ॲड्रेनालिन टाकले, की उकळूनही न बिघडणारा एक छोटा रेणू तयार होतो आणि पुढचे काम तोच करतो. हाच चक्रीय एएमपी. संप्रेरक हा पहिला जासूद आणि हा दुसरा, अशी मांडणी सदरलँड यांनी केली. १९७१ चे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळाले.

बोस्टनमध्ये मायकेल फील्ड यांनी सशाच्या आतड्याच्या पातळ तुकड्याला चक्रीय एएमपी लावून पाहिला. आतडे क्लोराइड आणि त्यामागून पाणी बाहेर टाकू लागले; हुबेहूब पटकीच. १९७१ पर्यंत हेही दिसले, की पटकीच्या विषाने आतड्याच्या पेशीतला चक्रीय एएमपी खरोखरच वाढतो. दोन वाटा इथे एकमेकींजवळ आल्या. पण विष आणि विकर यांच्यामधली कडी कोणती, हे कोणालाच माहीत नव्हते, कारण त्या कडीचा तोवर शोधच लागला नव्हता.

तिचा सुगावा लागला मार्टिन रॉडबेल यांना. दुसऱ्या महायुद्धात आरमारात रेडिओवर काम केलेला हा माणूस बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चरबीच्या पेशींवर काम करत होता. निरनिराळी संप्रेरके त्या पेशीत एकाच विकराला जागवत. दोन एकत्र दिली तरी परिणाम दुप्पट होत नसे. म्हणजे ग्राही वेगवेगळे आणि विकर सामाईक. मग त्या दोहोंच्या मध्ये निरोप बदलून देणारे तिसरे काहीतरी असलेच पाहिजे. यकृताच्या पटलांवर प्रयोग करताना आणखी एक गुंता झाला : एटीपी टाकले तर परिणाम दिसे, पण कधी कमी, कधी जास्त. बाजारातून आणलेल्या एटीपीत थोडा जीटीपी मिसळलेला होता आणि खरे काम तो भेसळीचा जीटीपीच करत होता. १९७१ मध्ये रॉडबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाच्या संदेशाला जीटीपी लागतोच, हे निबंधमालिकेतून मांडले. भेसळ एरवी प्रयोग बिघडवते. इथे तिनेच तो लावून दिला.

मधल्या कडीला प्रत्यक्ष वेगळे काढले आल्फ्रेड गिलमन यांनी. औषधशास्त्राचे जे जाडजूड पाठ्यपुस्तक ‘गुडमन अँड गिलमन’ म्हणून भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते, त्यातले गिलमन म्हणजे त्यांचे वडील. पुस्तक निघाले त्याच १९४१ साली मुलगा जन्मला आणि त्याच्या नावात सहलेखकाचे ‘गुडमन’ घालण्यात आले. व्हर्जिनिया विद्यापीठात गिलमन आणि एलियट रॉस यांनी उंदराच्या कर्कपेशींचा एक सदोष प्रकार घेतला. त्यात ग्राही ठीक होता, पण चक्रीय एएमपी बनत नसे. विकरच नसणार, असा सर्वांचा समज होता. निरोगी पेशींच्या पटलाचा अर्क मिसळला की सदोष पटल काम करू लागे. त्यात नवल नव्हते. नवल पुढे होते. अर्क ऊन करून त्यातले विकर निकामी केले, तरीही सदोष पटल दुरुस्त होई. याचा अर्थ विकर आधीपासून होतेच. जे नव्हते ते उष्णता सोसणारे दुसरे प्रथिन. १९७७ चे हे काम. १९८० मध्ये सशाच्या यकृतापासून ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे झाले. गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल मिळाले.

या शोधाच्या ऐन मध्यावर पटकीचे विष परत येते. जेरुसलेममध्ये डॅनी कॅसेल आणि त्स्वी सेलिंगर टर्कीच्या रक्तपेशींची पटले घेऊन जीटीपी किती वेगाने तुटतो ते मोजत होते. १९७७ मध्ये त्यांनी दाखवले, की पटकीचे विष दिले तर ही तोडणीच थांबते. १९७८ मध्ये कॅसेल आणि थॉमस फॉइफर यांनी, तसेच स्वतंत्रपणे मायकेल गिल यांच्या प्रयोगशाळेने, विष ज्या प्रथिनाला खूण लावते तेच प्रथिन किरणोत्सारी द्रव्याने रंगवून ओळखले. ते होते जीएसचा अल्फा घटक. प्रथिन शुद्ध करणाऱ्यांना आता त्याचा माग काढायला उत्तम साधन मिळाले : विषाची खूण जिथे उमटेल तिथे ते. रोगाच्या जंतूने संशोधकांची केलेली ही मदत मोठीच म्हणावी लागेल. विषाच्या कामाला लागणारे आणखी एक सहायक प्रथिन १९८४ मध्ये सापडले. पेशीच्या अंतर्गत वाहतुकीत त्याचे महत्त्वाचे काम आहे, पण त्याचे एआरएफ हे नाव पटकीच्या विषावरूनच पडलेले आहे.

आतड्यात घडते ते असे. विषाचे पाच सारखे तुकडे कड्यासारखे जुळलेले असतात आणि सहावा त्यांच्यावर बसतो. कडे आतड्याच्या पेशीबाहेरच्या जीएम१ या स्निग्ध रेणूला चिकटते. पेशी ते गिळते. सहावा तुकडा आतल्या आत उलट्या वाटेने फिरून पेशीच्या द्रवात पोचतो आणि एनएडी नावाच्या रेणूचा एक भाग तोडून जीएस-अल्फावरच्या २०१ क्रमांकाच्या आर्जिनिनला डकवतो. जीटीपी तोडायला नेमके तेच आर्जिनिन लागते. कळ दाबलेली राहते आणि वर येत नाही. विकर थांबत नाही, चक्रीय एएमपी साचत जातो, त्याच्या आज्ञेने क्लोराइडची दारे सताड उघडतात. क्लोराइडमागे सोडियम आणि सोडियममागे पाणी आतड्याच्या पोकळीत धावते. पेशी मात्र मरत नाही. आतड्याचे अस्तर जागच्या जागी शाबूत असते, बहुधा म्हणूनच १५४३ मध्ये गोव्यात शव उघडणाऱ्यांना आकसलेल्या जठराखेरीज काही सापडले नाही.

एरवी हेच प्रथिन शरीरात दिवसभर निमूटपणे राबत असते. जिना चढताना हृदयाचे ठोके वाढतात, ते ॲड्रेनालिनचा निरोप जीएसने हृदयपेशीत नेल्यामुळे. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल श्वासनलिकांचे स्नायू सैल करते, तेही याच वाटेने. घराण्यातली भावंडे निरनिराळी कामे करतात : नाकात वासाचा संकेत एक पोचवते, डोळ्यात प्रकाशाचा दुसरे. विकराला आवर घालणाऱ्या जीआय या भावंडाची ओळखही एका रोगाच्या विषाने करून दिली. जपानमध्ये मिचिओ उई यांनी डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष त्याला निकामी करते, हे १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवले.

जीएस अपुरे पडले तर काय होते, हेही रुग्णांत दिसते. फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ मध्ये वर्णन केलेल्या एका आजारात पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक रक्तात भरपूर असते, पण मूत्रपिंड त्याचे ऐकत नाही आणि कॅल्शियम घसरते. यातल्या बऱ्याच रुग्णांत जीएस-अल्फाच्या जनुकाची एक प्रत निकामी असल्याचे पुढे कळले. उलट टोकाचा आजार मॅक्यून-ऑलब्राइट. यात त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग पडतात, हाडे ठिसूळ होतात आणि मुलींना फार लवकर पाळी येते. १९९१ मध्ये त्याचे मूळ सापडले : २०१ क्रमांकाच्या त्याच आर्जिनिनच्या जागी दुसरेच अमिनो आम्ल आलेले. पटकीचे विष काही तासांत जे करते, तेच इथे गर्भावस्थेत एखाद्या पेशीत जन्माची खूण होऊन बसते. वाढीचे संप्रेरक जास्त स्रवणाऱ्या पीयूषिका ग्रंथीच्या गाठींपैकी सुमारे ४० टक्के गाठींतही असाच बदल असतो.

ग्राही आणि जीएस एकमेकांत गुंतलेले असतानाचे स्फटिकचित्र ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी त्यांना व रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना ग्राहींवरील कामासाठी नोबेल मिळाले. कळ कशी दाबली जाते ते आता अणुपातळीवर दिसते. अडकलेली कळ सोडवणारे औषध मात्र अजून प्रचारात नाही, आणि त्यावाचून फारसे अडतही नाही. विषाने क्लोराइडची दारे उघडी पडली, तरी ग्लुकोजला सोबत घेऊन सोडियम शोषणारी वेगळी वाट शाबूत राहते आणि तिच्यातून पाणीही आत जाते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनोबीस यांनी याच भरवशावर पिंपातून मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. विष लागलेली पेशी सुधारत नाही. पण आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत झडून नवे येते, आणि तोवर रुग्णाला पाणी पुरवत राहिले की पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एका पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, आणि ती एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवतात.